प्राथमिक वर्गात आलेख शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवणारे शिक्षक आणि घरी अभ्यास घेणारे पालक आलेखांबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळी उत्तरं एका आग्रहातून आली आहेत, तो आधीच सांगते. आलेखाचा प्रत्येक नियम कुठल्या तरी अडचणीवरचा उपाय आहे. मुलाला आधी ती अडचण भेटली पाहिजे, नियम नंतर.

आलेखाची सुरुवात कोणत्या वयात करावी?

पाच-सहा वर्षांची मुलं आलेख करू शकतात, फक्त तो कागदावर नसतो. वस्तू जमिनीवर ओळीत मांडल्या किंवा मुलं स्वतःच रांगेत उभी राहिली की आलेख झाला. सात-आठ वर्षांच्या मुलांना चित्रालेख जमतो. आधी एका चित्राला एक, मग एका चित्राला दोन, पाच, दहा. आठ-नऊच्या सुमाराला स्तंभालेख येतो आणि रेषालेखाची ओळख दहाच्या आसपास पुरेशी होते. वयाचे हे आकडे ढोबळ आहेत. दहा वर्षांच्या मुलाने कधी वस्तू मांडून आलेख केलाच नसेल तर त्यालाही तिथूनच सुरू करू द्यावं. दोन तासिकांत तो पुढे निघून जातो, आणि पाया मात्र पक्का राहतो.

पहिला आलेख कशाचा करावा?

ज्याचं उत्तर मुलांना खरोखर हवं आहे त्याचा. पुस्तकातली तयार माहिती घेऊन काढलेला पहिला आलेख म्हणजे मुलांच्या दृष्टीने चित्रकलेचा तास असतो. ‘आपल्या वर्गात लेसचे बूट जास्त की पट्ट्याचे?’, ‘कोणत्या महिन्यात सगळ्यात जास्त वाढदिवस येतात?’, ‘आत्तापर्यंत कुणाचे किती दात पडले?’ असे प्रश्न विचारले की वर्गात लगेच अंदाज उडू लागतात. ते अंदाज फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. आलेख पूर्ण झाल्यावर मुलं सगळ्यात आधी त्या कोपऱ्याकडे बघतात.

एक पथ्य मात्र कसोशीनं पाळा. मुलांची वजनं, घरची परिस्थिती, कुटुंबात कोण आहे आणि कोण नाही, परीक्षेतले गुण यांचा वर्गात आलेख करू नये. एखाद्या मुलासाठी तो स्तंभ म्हणजे भर वर्गात बोट दाखवणं असतं. उंचीसुद्धा मी टाळते. मोजायचंच असेल तर रोपाची उंची मोजा.

वस्तू मांडून केलेल्या आलेखात मुलं गोंधळतात. काय करावं?

गोंधळू द्या, तो गोंधळ फार मोलाचा असतो. समजा मुलांनी मोठ्या चार वस्तू एका ओळीत मांडल्या आणि लहान सहा वस्तू दुसऱ्या ओळीत. चारची ओळ जास्त लांब दिसेल आणि कुणीतरी म्हणेल, “ही जास्त आहे.” दुसरं कुणीतरी मोजून दाखवेल, “नाही, इथे सहा आहेत.” आता वर्गाला विचारा: नुसतं बघून कळावं, मोजावं लागू नये, यासाठी काय करता येईल?

मला आजवर प्रत्येक वर्गाकडून उत्तर मिळालं आहे, फक्त शब्द वेगळे असतात. कुणी म्हणतं एकेक फरशी एकेकाला द्या, कुणी म्हणतं सगळ्या वस्तू सारख्या अंतरावर ठेवा, कुणी म्हणतं वस्तूंऐवजी सारखे ठोकळे लावा. दुसरी अडचणही लवकरच येते. दोन ओळी वेगवेगळ्या ठिकाणी सुरू झाल्यामुळे पुढचं टोक कोणाचं लांब गेलं हे कळत नाही. मग मुलंच एक सुरुवातीची रेघ मारतात. समान घरं आणि एकच आधाररेषा, हे आलेखाचे दोन मूळ नियम मुलांनी असे स्वतः शोधले की पुढे वहीत ते वेगळे शिकवावे लागत नाहीत.

ताळ्याच्या खुणा कशासाठी शिकवायच्या? थेट आकडा का लिहू नये?

कारण माहिती एकामागून एक येत असते. मुलगा वर्गात फिरून प्रत्येकाला विचारतो, तेव्हा आकडा लिहिला तर दर वेळी तो खोडून नवा लिहावा लागतो. खूण नुसती वाढवता येते. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांना छेदणारी, म्हणजे शेवटी पाच-पाचच्या पाढ्याने पटकन मोजणी होते. चीन आणि जपानमध्ये याच कामासाठी 正 हे पाच रेघांचं अक्षर एकेक रेघ वाढवत पूर्ण करतात. मुलांना ते फळ्यावर काढून दाखवलं की फार आवडतं, आणि ‘पाचाचा गट’ ही कल्पना खुणेच्या आकारापेक्षा महत्त्वाची आहे हेही त्यातून कळतं.

आणखी एक. एकूण खुणा आणि वर्गातली मुलं यांचा मेळ बसतो का, हे दर वेळी तपासायला लावा. २८ मुलांच्या वर्गात ३१ खुणा झाल्या असतील तर कुणाला तरी दोनदा विचारलं गेलं आहे. प्रत्येक मुलाने आपलं उत्तर एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं तर हा घोळ टळतो. चिठ्ठ्या नंतर फळ्यावर चिकटवल्या की त्यांचाच आलेख होतो.

माहितीचे गट कोणी ठरवायचे, शिक्षकांनी की मुलांनी?

शक्य तितक्या वेळा मुलांनी. ‘नावात किती अक्षरं?’ हा साधा प्रश्न घेऊन बघा. ‘प्रज्ञा’ या नावात अक्षरं किती? दोन म्हणणारी मुलं असतात, आणि प मध्ये र मिसळला आहे म्हणून जास्त मोजणारीही असतात. जोडाक्षर एक धरायचं की दोन, यावर एका वर्गात अर्धी तासिका वाद चालला होता, आणि मी तो थांबवला नाही. शेवटी मुलांनी मत घेऊन ‘जोडाक्षर एकच’ असं ठरवलं आणि तो निर्णय आलेखाखाली लिहिला. मोजण्याआधी ‘काय मोजायचं’ हे ठरवावं लागतं आणि ते वेगळं ठरवलं असतं तर आलेख वेगळा आला असता, ही समज त्या अर्ध्या तासिकेची कमाई होती.

‘इतर’ हा गट जपून वापरा. मुलं कंटाळली की सगळं ‘इतर’मध्ये टाकतात आणि तोच स्तंभ सगळ्यात उंच होतो. तसं झालं तर गट पुन्हा करायला सांगा.

चित्रालेखात ‘एक चित्र = दोन’ आलं की मुलं चुकतात. हे कसं समजवावं?

आधी त्याची गरज निर्माण करा. कागदाच्या पट्टीवर दहाच चित्रं मावतात आणि माहितीत १८ आहेत. बहुतेक मुलं आधी चित्रं बारीक काढू लागतात. मग त्यांना आठवतं की बाकीच्या ओळींतली चित्रंही तेवढीच बारीक करावी लागतील. अशा वेळी ‘एका चित्राला दोन धरले तर?’ हा पर्याय त्यांना सुटकेसारखा वाटतो.

यात नेहमी दिसणारी चूक म्हणजे मूल चित्रं मोजतं आणि तेवढंच उत्तर सांगतं. नऊ चित्रं, म्हणून नऊ. त्यासाठी सुरुवातीला प्रत्येक चित्रात दोन ठिपके द्यायला सांगा. ठिपके मोजून १८ येतात. पाच-सहा आलेखांनंतर ठिपके गळून पडतात. अर्धं चित्र म्हणजे एक, हेही तेव्हाच सहज येतं. पण ‘एक चित्र = दहा’ झालं आणि सात दाखवायचे असले तर चित्राचा सात दशांश भाग काढणं कुणालाच नीट जमत नाही. चित्रालेखाची मर्यादा इथे उघडी पडते, आणि स्तंभालेखाकडे जाण्याचा सगळ्यात चांगला मुहूर्त हाच.

स्तंभालेख काढताना मुलं कोणत्या चुका करतात?

बऱ्याच, पण त्यातल्या थोड्याच चुका समजेच्या असतात. रेघ वाकडी येणं, रंग बाहेर जाणं याकडे मी लक्ष देत नाही. पुढच्या चुकांकडे मात्र थांबून बघावं लागतं.

सगळ्यात जास्त दिसते ती म्हणजे आकडे रेषेऐवजी घरात लिहिणं. उभ्या अक्षावर पहिल्या घरात १, दुसऱ्यात २ असं लिहिलं की स्तंभ नेमका कुठे संपवायचा हे कळेनासं होतं. यावर मोजपट्टीचा उपयोग होतो. मोजपट्टी उभी धरा आणि दाखवा: शून्य सुरुवातीच्या रेघेवर आहे, १ हा आकडाही रेघेवर आहे, मधल्या जागेत नाही. उभा अक्ष म्हणजे उभी धरलेली संख्यारेषाच.

दुसरी चूक प्रमाणाची, म्हणजे एक घर किती धरायचं याची. मूल अक्षावर ०, ३, ५, ८, १२ असं लिहितं, म्हणजे माहितीत जे आकडे आले तेच सारख्या अंतरावर मांडून टाकतं. मग सगळे स्तंभ पायऱ्यांसारखे एकेका घराने चढतात. अशा आलेखात ‘या दोन स्तंभांत किती फरक आहे?’ असं विचारा आणि घरं मोजायला लावा. उत्तर माहितीशी जुळत नाही हे मुलाला स्वतःला दिसलं की तुमचं काम सोपं होतं.

तिसरी म्हणजे शून्य वगळणं. एखाद्या गटात कुणीच नसेल तर मुलं तो गटच लिहीत नाहीत. ‘कुणीच नाही’ हेही उत्तर आहे, त्याची जागा रिकामी दिसली पाहिजे. आडव्या अक्षावर नाव लिहायचं आणि वर काहीच काढायचं नाही, हे सांगितल्याशिवाय सुचत नाही.

स्तंभांची रुंदी सारखी हवी, कारण रुंद स्तंभ डोळ्याला मोठा वाटतो. दोन स्तंभांमध्ये जागा ठेवायची, कारण ते वेगवेगळे गट आहेत. ही कारणं दोन वाक्यांत सांगून पुढे जा.

आलेख वाचताना कोणते प्रश्न विचारावेत?

एक उदाहरण घेऊ. २८ मुलं शाळेत कशी येतात याची माहिती अशी आली: चालत १२, बसने ८, सायकलने ५, इतर वाहनाने ३.

‘सायकलने किती मुलं येतात?’ हा प्रश्न सोपा आहे. स्तंभाचं टोक बघायचं आणि आकडा वाचायचा. ‘बसने येणारी मुलं सायकलने येणाऱ्यांपेक्षा किती जास्त?’ यासाठी दोन स्तंभांची तुलना करावी लागते. ‘निम्म्याहून जास्त मुलं चालत येतात का?’ हा प्रश्न त्याहून चांगला, कारण चालत येणाऱ्यांचा स्तंभ सगळ्यात उंच असूनही १२ हे १४ पेक्षा कमी आहेत. ‘सगळ्यात जास्त’ आणि ‘निम्म्याहून जास्त’ यांतला फरक इथे पहिल्यांदा कळतो. आणि ‘उद्या जोराचा पाऊस आला तर आलेख कसा बदलेल?’ याचं उत्तर आलेखात कुठेच लिहिलेलं नाही, पण आलेखाशिवाय ते देताही येत नाही.

आलेखावर दिसतं ते वाचणं, दिसणाऱ्या गोष्टींमधला संबंध वाचणं आणि दिसतं त्याच्या पलीकडचं वाचणं, अशा तीन पायऱ्या गणितशिक्षणाच्या संशोधक फ्रान्सिस कर्शियो यांनी १९८७ मध्ये मांडल्या. स्वाध्यायात आपण पहिल्याच पायरीवर दहा प्रश्न विचारतो आणि मूल दहापैकी दहा मिळवतं. त्यावरून त्याला आलेख वाचता येतो असं म्हणता येत नाही. माझा साधा हिशोब असा: पहिल्या पायरीचा एक प्रश्न, दुसरीचे दोन-तीन आणि तिसरीचा एक तरी, ज्यावर वर्गात बोलणं होईल.

‘किती जास्त?’ विचारलं की मुलं मोठी संख्याच सांगतात. असं का?

हा अडथळा जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो. बस आठ आणि सायकल पाच असताना ‘किती जास्त?’ याचं उत्तर “आठ” येतं. मुलाने प्रश्न असा ऐकलेला असतो: जास्त कोण आहे आणि ते किती आहेत? म्हणजे त्याचं उत्तर त्याने ऐकलेल्या प्रश्नाला अगदी बरोबर आहे. ‘वजाबाकी कर’ असं सांगितलं की उत्तर बरोबर येऊ लागतं, पण अर्थ लागत नाही, आणि आठवड्याने मूल पुन्हा आठ म्हणतं.

मला उपयोगी पडली ती कागदाची पट्टी. सायकलच्या स्तंभाच्या टोकावर आडवी पट्टी ठेवायची आणि ती तशीच बसच्या स्तंभावर सरकवायची. पट्टीखाली जे झाकलं गेलं ते दोघांकडे सारखं आहे. पट्टीच्या वर जे डोकावतं, ते ‘जास्त’. तीन घरं डोकावतात. मग भाषा बदलून विचारायचं: “सायकलवाल्यांना बसवाल्यांइतकं व्हायला अजून किती मुलं लागतील?” असं करताना जास्त, कमी आणि फरक हे तिन्ही शब्द त्याच डोकावणाऱ्या भागासाठी आहेत हे मुलांच्या लक्षात येतं. वजाबाकीचं चिन्ह त्यानंतर लिहा.

स्तंभ कधी काढायचे आणि रेषा कधी?

याचं उत्तर एका जुन्या गोष्टीत आहे. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये व्यापाराच्या आकड्यांचे आलेख छापले. वर्षानुवर्षांची आयात-निर्यात दाखवायला त्यांनी रेषा वापरल्या. पण स्कॉटलंडच्या व्यापाराची त्यांच्याकडे एकाच वर्षाची, १७८१ ची, माहिती होती आणि ती १७ ठिकाणांशी झालेल्या व्यापाराची होती. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्यांनी प्रत्येक ठिकाणासाठी आडव्या पट्ट्या काढल्या. आज ज्याला आपण स्तंभालेख म्हणतो त्याच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत त्या पट्ट्या मोजल्या जातात.

वर्गात हाच फरक रोपाच्या उंचीवरून दाखवता येतो. दर सोमवारी रोप मोजलं: २ सेंटिमीटर, मग ५, मग ९. हे बिंदू रेषेने जोडले तर मधल्या बुधवारचाही अंदाज करता येतो, कारण आपण मोजलं नाही त्या दिवशीही रोप तिथे होतंच आणि वाढत होतं. आता बस आणि सायकल यांचे बिंदू जोडून बघा. त्या रेषेच्या मधोमध काय आहे? मुलांना हा प्रश्न विचारला की ती हसतात, आणि त्यांना समजलेलं असतं.

रेषालेखात मुलं कधीकधी रेषेला चित्र समजतात. रेषा खाली आली म्हणजे ‘तो डोंगर उतरला’, मग अक्षावर वेग असो की तापमान. अशा वेळी ‘या टोकाला बोट ठेव आणि दोन्ही अक्षांवर काय लिहिलंय ते वाचून एक पूर्ण वाक्य सांग’ एवढंच म्हणा. ही सवय लागली की चूक कमी होत जाते.

वृत्तालेख या वयात शिकवावा का?

ओळख करून द्यावी, काढायला लावू नये. काढण्यासाठी अंशाची आणि शेकड्याची समज लागते, ती अजून यायची असते. वाचायलाही तो दिसतो तितका सोपा नाही. संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की एकाच आधाररेषेवरची टोकं माणसाला जितक्या अचूक तोलता येतात, तितके कोन तोलता येत नाहीत. फरशीवर मुलांनी मारलेली ती सुरुवातीची रेघ आठवा.

ओळखीसाठी एक सुंदर कृती आहे. स्तंभालेखातले रंगीत स्तंभ कापून एकापुढे एक चिकटवा. लांबच लांब पट्टी होईल. तिची दोन्ही टोकं जोडून कडं करा, ते कागदावर ठेवा आणि जिथे रंग बदलतो तिथून मध्यापर्यंत रेघा मारा. वृत्तालेख तयार, कोनमापकाशिवाय. ‘अख्ख्या वर्गातला केवढा भाग’ हे सांगण्यासाठी तो स्तंभांपेक्षा बोलका ठरतो.

अक्ष शून्यापासूनच सुरू करावा लागतो का?

स्तंभालेखात हो, कारण स्तंभाची लांबीच संख्या सांगत असते. ४८ आणि ५० यांचे स्तंभ ४६ पासून सुरू केले तर एक दोन घरांचा आणि दुसरा चार घरांचा होतो. म्हणजे दुप्पट दिसतो. तोच आलेख शून्यापासून काढला की दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. चौथी-पाचवीच्या मुलांसमोर हे दोन्ही आलेख शेजारी ठेवा आणि विचारा, “माहिती एकच आहे, मग फसवतोय कोणता?” रेषालेखात शून्य नसलं तरी चालतं, पण अक्षावरचा पहिला आकडा वाचायची सवय हवीच.

संगणकावर आलेख करू द्यावेत का?

हाताने पाच-सहा केल्यानंतर खुशाल. संगणक प्रमाण स्वतः ठरवतो, त्यामुळे जे मूल प्रमाण ठरवायला धडपडलेलं नाही त्याला तिथे काही निर्णय झाला हेच दिसत नाही. धडपडलेलं मूल मात्र विचारतं, “याने शून्य का नाही घेतलं?”

ज्या मुलांना रंग ओळखता येत नाहीत किंवा नीट दिसत नाही, त्यांचं काय?

लाल आणि हिरव्यात फरक न कळणारी मुलं, विशेषतः मुलगे, बऱ्याच वर्गांत असतात आणि कित्येकदा ते कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. म्हणून फक्त रंगावर विसंबू नका. एका स्तंभात तिरक्या रेघा, एकात ठिपके, आणि नाव थेट स्तंभाखाली. दृष्टिहीन मुलांसाठी जाड पुठ्ठ्याचे स्तंभ, अक्षांच्या जागी चिकटवलेली दोरी आणि आकड्यांच्या जागी ब्रेल खुणा वापरता येतात. असा आलेख मी वर्गातल्या सगळ्यांनाच डोळे मिटून हाताने वाचायला देते. आधाररेषा कशाला हवी, हे बोटांना फार लवकर कळतं.

मूल्यमापन कसं करावं?

नीटनेटकेपणाला गुण देऊ नका. दिले तर मुलं पट्टी आणि रंगातच वेळ घालवतात. त्याऐवजी शीर्षक आणि नावं पुसलेला एक स्तंभालेख द्या आणि ‘हा कशाचा असू शकेल? का?’ असं विचारा. बारा स्तंभ आहेत आणि कुणीतरी म्हणालं, “महिने असतील,” तर ते मूल आलेख वाचतंय. कधी मुद्दाम तीन चुका केलेला आलेख द्या आणि त्या शोधायला लावा. कधी तीन आलेख आणि तीन वर्णनं देऊन जोड्या लावायला सांगा.

घरी पालकांनी काय करावं?

भिंतीवर चौकटीचा एक कागद लावा आणि मुलाने रोज एक घर रंगवायचं: आज ऊन, ढग की पाऊस. रोज अर्धा मिनिट पुरतो. महिना संपला की आलेख तुम्ही वाचून दाखवू नका, मुलालाच विचारा, “काय दिसतंय?” आणि मग गप्प बसा. पहिलं उत्तर बहुधा ‘ऊन जास्त’ असं येईल. थोडं थांबलात तर दुसरं येतं, आणि बहुतेकदा त्याच्याबरोबर पुढच्या महिन्यासाठी मुलाचा स्वतःचा एक प्रश्नही येतो. नवा कागद त्या प्रश्नासाठी लावा.